कान गेले, वय झालं म्हणून?

(मागांचा खटखटाट. पहिले दहा सेकंद निवेदन नाही.)

इचलकरंजी. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मिनिटाला शंभराहून जास्त खेपा, आणि दर खेपेला एक दणका. या एका शेडमध्ये असे चोवीस माग आहेत. जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा मिस्त्री, काय सांगतोय ते त्याच्या हातांकडे बघून कळतं. इथं कुणी तोंडानं बोलायच्या भानगडीत पडत नाही.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. त्यानंतर खटखटाट गल्लोगल्ली पसरला. हे काका वयाच्या अठराव्या वर्षी मागावर उभे राहिले. आज अठ्ठावन्न.

(श्रवणचाचणीची खोली. जाड दार बंद होतं.)

काकांच्या हातात एक बटण आहे. हेडफोनमधून सूर येतो. ऐकू आला की दाबायचं. दाबलं की तोच सूर दहा डेसिबलनं हळू होतो, नाही दाबलं की पाचानं मोठा होतो. असं खालीवर करत जिथं तो जेमतेम ऐकू येतो, तिथं कागदावर खूण होते. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. मग पुढचा सूर, आणखी उंच.

या कागदावरचा शून्य डेसिबल कुठून आला, तेही सांगायला हवं. निरोगी कानांच्या तरुण माणसांना सरासरी जेवढा आवाज जेमतेम ऐकू येतो, त्याला शून्य धरलं आहे. सगळ्यांचे कान तरुण कानाशी ताडून बघायचे, अशी ही पट्टी.

(आलेख, जवळून.)

सुराची उंची हर्ट्झमध्ये मोजतात; खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. काकांच्या खुणा १००० हर्ट्झपर्यंत बऱ्या आहेत. ४००० ला एकदम खाली, ८००० ला पुन्हा थोड्या वर. नुसत्या वयानं कान उतरतात तेव्हा रेघ उंच सुरांकडे उतरतच जाते, अशी मध्येच सावरत नाही. ४००० चा हा खड्डा गोंगाटाच्या माराची ओळखीची खूण आहे. काका मात्र म्हणतात, "वय झालं आता."

आता काकूंचा कागद. वय जवळपास तेच, पण काम घरी, कांड्या भरण्याचं. यांची रेघ हलक्या उतारानं जाते. पुरुषांचे उंच सूर बायकांच्या आधी जातात, हे खरं. आयएसओ ७०२९ या आंतरराष्ट्रीय मानकात दोघांचे तक्ते वेगळे आहेत, आणि गोंगाटात राबलेले कान त्यात धरलेलेच नाहीत. तरीही फरक उरतो. पण काका-काकूंमधलं अंतर त्या तक्त्यात मावत नाही.

(नकाशा: नाईलच्या पूर्वेला, आजचा दक्षिण सुदान.)

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे कानाचे सर्जन सॅम्युअल रोझेन इथल्या मबान लोकांकडे गेले. गावात बंदूक नाही, ढोलसुद्धा नाही. तिथल्या म्हाताऱ्यांचे कान अमेरिकेतल्या त्याच वयाच्या माणसांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण निघाले. त्यांची वयं अंदाजानं धरली होती, खाणंपिणं आणि रक्तदाबही वेगळे होते, म्हणून सगळं श्रेय शांततेला देता येत नाही. पण साठीला कान जाणारच, हे गृहीत धरणं तेव्हापासून अवघड झालं.

(पुन्हा शेड. कामगाराच्या कानात कापसाचा बोळा.)

कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटानं येणारं बहिरेपण २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं, त्याची खबर द्यावी लागे. चार-सहा कामगारांच्या शेडपर्यंत तो कायदा सहसा पोचत नसे.

(चाचणीची खोली. काकांची नात, वय नऊ.)

८००० हर्ट्झ. तिनं बटण दाबलं. आणखी हळू. पुन्हा दाबलं.

काका काचेपलीकडून बघतायत. तिनं हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरला.