आधी अंगणातली जाळी शोधा

नमस्कार श्रोतेहो. घराबाहेर एक जाळी असते, गली ट्रॅपवरची, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपातल्या, कायम पाणी साठून राहणाऱ्या वळणावरची. घरातलं सांडपाणी तिच्याखालून पुढे चेंबरकडे जातं. आज बोलायचंय ते तिच्याबद्दल. ही जाळी घरातल्या सगळ्यात खालच्या मोरीपेक्षाही खाली हवी, 150 मिलिमीटर तरी. पुढची लाइन तुंबली की मैलापाणी मागे फिरतं आणि सगळ्यात खालचं तोंड गाठतं. ते तोंड अंगणात असलं तर अंगण घाण होईल. नसलं, तर न्हाणी.

माझ्या एका स्नेह्यांकडे काय झालं, ते सांगते. तळमजल्याचं घर. अंगणात नवी फरशी घातलेली, सुरेख, अगदी भिंतीपर्यंत. पावसाळ्यात एका रात्री संडासाच्या भांड्यातून गुडगुड आवाज यायला लागला. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की न्हाणीच्या मोरीतून काळं पाणी वर. सकाळी न्हाणीभर घाण, दोघंजण बादल्यांनी उपसतायत, तिसरा ॲसिड आणायला निघालेला. तेवढ्यात प्लंबर आले, वयस्कर गृहस्थ. न्हाणीकडे न जाता त्यांनी दारातूनच विचारलं, "बाहेरची जाळी कुठाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच ठाऊक नाही! शेवटी आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या, "अरे, फरशी पुसलेलं पाणी मी त्या खिडकीखाली ओतायचे. तिथंच होती."

घरात काही बांधायचं-पाडायचं निघालं की म्हाताऱ्या माणसांना आपण विचारतच नाही, मला हे फार खटकतं. कुठली भिंत ओल धरते, कुठला पाइप कुठून गेलाय, त्यांना सगळं माहीत असतं.

तर, प्लंबरनी खिडकीखालच्या फरशीवर हातोडीची दांडी ठोकत नेली. ठक्, ठक्, ठक्, आणि एका जागी पोकळ आवाज आला. तिथली फरशी फोडली. खाली सिमेंटनं बुजलेली जाळी! ती पहारीनं उचकटताच पाणी भसाभस बाहेर आलं, आणि न्हाणीतून आरोळी आली, "उतरलं, उतरलं!" मग त्यांनी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी काढली, पाणी भरलं, एक टोक मोरीपाशी धरलं, दुसरं अंगणात. नवं अंगण मोरीच्या पातळीला येऊन टेकलं होतं. जुनी जाळी मात्र वीतभर खाली, बरोबर जिथं हवी तिथं. बिचारी आपलं काम करायला तयार होती, आपणच तिचं तोंड बंद केलं होतं. खिडकीखालची फरशी मग काढली आणि तिथून अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार दिला.

पुढच्या चेंबरमधून निघालं काय, तर ओल्या वाइप्सचा बोळा आणि त्यावर थिजलेलं तेल. पाकिटावर "फ्लश करता येतात" असं छापतात, त्यावर विश्वास ठेवू नका. टॉयलेट पेपर पाण्यात विरघळतो, हे बहुतेक वाइप्स तसेच राहतात. तेलकट भांडी आधी कागदानं पुसा, मग धुवा.

पुन्हा सांगते, जाळी मोरीपेक्षा खाली. पण तिची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी वर हवी, नाहीतर पावसाचं पाणी आत शिरतं. गच्चीचा पाइपही सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका, मोठ्या पावसात ती लाइन तेवढं पाणी पेलत नाही. जाळीवर कुंडी नको, आणि जाळी सिमेंटनं पक्की करू नका. आतून दाब आला की ती सहज उचलली गेली पाहिजे. बंद खोलीतल्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओता, ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीखालच्या वळणात साठलेलं पाणी आटलं की दुर्गंधी थेट घरात येते.

आणि चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असू शकतो. तो वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस जागीच कोसळतो. झाकण काढायचं, बाजूला उभं राहून वरूनच सळई फिरवायची. तेवढ्यानं मोकळं झालं नाही तर सक्शनची गाडी बोलवायची. नमस्कार.