थरांखालचा धोका

रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी आकाश निरभ्र झालं. उतारावर अजून एकही रेघ उमटलेली नाही. बॅककंट्री स्कीइंग, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरात स्कीइंग करणाऱ्यांना अशाच सकाळची ओढ असते, आणि हिमस्खलनाबाबत सर्वांत जास्त सावधगिरीही अशाच सकाळी लागते. इथे रिसॉर्टची गस्त नाही. स्फोट घडवून धोकादायक उतार आधीच मोकळे करणारं पथकही नाही.

पहिल्या हिमवर्षावापासून साचत आलेले थर या पृष्ठभागाखाली आहेत. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ उथळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर मात्र कडाक्याची थंडी. 10 सेंटिमीटरमागे साधारण 1 अंशाहून जास्त फरक पडला की बाष्प थरांतून वर सरकू लागतं आणि कणांमधली पकड सुटते. साखरेसारखे मोकळे दाणे उरतात, त्यांची मूठ वळत नाही. त्यावर वाऱ्याने आणून घट्ट बसवलेली बर्फाची लादी आली, की धोका तयार. असा थर कित्येक आठवडे टिकतो आणि वरून त्याचा पत्ता लागत नाही.

एका स्कीअरचं वजन तो ढासळायला पुरेसं असतं. तडा थरातून क्षणात दूरवर जातो आणि अख्खी लादी सुटते. बहुतेक जीवघेण्या अपघातांत हिमस्खलन सुरू करणारा बळी स्वतः असतो, नाहीतर त्याच्याच गटातला कुणीतरी.

काही इशारे मात्र स्पष्ट असतात. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज येणं, स्कीच्या टोकापासून तडे पळणं, आसपास ताजं स्खलन दिसणं. यांपैकी एक जरी दिसलं तरी तीव्र उतारावर जायचं नाही. इथे चर्चेला जागाच नाही.

इशारा नसेल तर? मग खड्डा खणतात. उताराला आडवा 90 सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने 30 सेंटिमीटर असा बर्फाचा ठोकळा मोकळा करून एका टोकाला फावड्याचं पातं ठेवायचं. त्यावर मनगटातून 10 थापा, कोपरातून 10, खांद्यातून 10. एखाद्या थापेला तडा ठोकळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला, तर उत्तर मिळालं. पण तडा धावला नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. वाऱ्याने काही पावलांवरच थरांची जाडी बदललेली असते. खडकाजवळ बर्फ पातळ असतो, आणि तिथूनच लादी सहज सुटते. आमच्या मते खड्ड्याचा नकार मानावा. त्याच्या होकारावर जीव टांगू नये.

भरवशाचं मोजमाप आहे उताराच्या कोनाचं. लादीची बहुतेक स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. क्लिनोमीटरने कोन मोजायला अर्धं मिनिट लागतं. 25 अंशांच्या उतारावरही स्कीइंगची मजा असतेच, फक्त माथ्यावर तीव्र उतार लटकलेला नाही हे पाहावं लागतं.

हिमस्खलनाच्या अंदाजात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, त्यांपैकी तिसरी फसवी. ती मधली वाटते, म्हणून लोक बाहेर पडतात, आणि अनेक मृत्यू याच पायरीवर होतात.

तीव्र उतार ओलांडायचाच असेल तर एका वेळी एकानेच, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. प्रत्येकाच्या अंगावर चालू ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ उपकरण), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता खूप मोठी असते. पुढे ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही. शोधणारे आणि खणणारे हात सोबत्यांचेच.