चावीच्या किती प्रती?

[दृश्य: कपाटावरचा राउटर. हिरवे दिवे लुकलुकतायत. एक हात तो उचलतो आणि उलटा करतो.]

हा राउटर बसवला त्या दिवसापासून कुणी हलवलेला नाही. खालचा धूळ न बसलेला चौकोन बघितला की लक्षात येतं. त्याच्या पोटावर एक स्टिकर आहे. पहिल्या ओळीत नेटवर्कचं नाव, दुसऱ्या ओळीत वायफायचा पासवर्ड. आणि अगदी तळाला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, आणखी एक पासवर्ड. या शेवटच्या ओळीकडे सहसा कुणी बघत नाही. आपणही जरा उशिरानेच बघू.

आधी एक कागद घ्या. तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड आज कोणाकोणाकडे आहे, ती नावं लिहून काढा.

घरची माणसं झाली. मग कनेक्शन जोडायला आलेला माणूस. पासवर्ड बहुधा त्यानेच टाकला होता, तुमचा मोबाइल नंबर विचारून. मुलांचे मित्र. सुट्टीत चार दिवस राहून गेलेले पाहुणे. खालच्या मजल्यावरचे, ज्यांचं नेट एकदा बंद पडलं होतं. टीव्ही दुरुस्त करायला आलेला, 'अपडेट मारावं लागेल' म्हणून पासवर्ड मागून घेणारा. तुमच्याआधी या घरात राहणारे, जर राउटर त्यांनीच ठेवून दिला असेल तर.

माणसं संपली की यंत्रं. विकलेला फोन. कुणाला तरी देऊन टाकलेला टॅब. शिवाय पासवर्ड मिळालेल्या बहुतेकांच्या फोनचा बॅकअप होतो आणि त्यात वायफायचे पासवर्डही जातात. फोन बदलला तरी नव्या फोनमध्ये तो आपसूक येतो. 'स्कॅन कर ना' म्हणून आपण पुढे करतो त्या क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन गूढ दिसतो खरा, पण आत पासवर्ड सरळ, उघडा लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढला की झाली आणखी एक प्रत.

माझ्या कागदावर १९ नावं झाली. त्यातल्या दोघांशी आता बोलणंही नाही.

[दृश्य: कागदावरची नावं. पेन थांबतं.]

घराची चावी दिली तर आपण आठवणीने परत मागतो. ही चावी परत मागता येत नाही. दिली ती दिली. हातात एवढंच उरतं: कुलूप बदलणं, म्हणजे पासवर्ड बदलणं.

'असू दे, थोडं नेट वापरतील, आणखी काय?' हे मी पुष्कळदा ऐकलंय. खरं सांगायचं तर फुकटात नेट वापरणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग. वायफायमध्ये शिरलेला माणूस तुमच्या घराच्या आत असतो. प्रिंटर, कॅमेरा, फोटो ठेवलेली हार्ड डिस्क, टीव्ही ही सगळी यंत्रं आतल्या माणसाला आपला समजतात. बाहेरच्याशी जितकी सावध वागतात, तितकी त्याच्याशी वागत नाहीत. आणि आज बहुतेक घरांत आहे ती डब्ल्यूपीए२ (WPA2) नावाची वायफायच्या कुलपाची पद्धत वापरात असेल, तर पासवर्ड माहीत असलेला माणूस तुमचा फोन वायफायला जोडला जातानाचा क्षण टिपून पुढची देवाणघेवाण उलगडू शकतो. बँकेचा व्यवहार त्याला दिसणार नाही, कारण त्यावर बँकेचं स्वतःचं वेगळं कुलूप असतं. उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण तुम्ही कोणत्या साइटवर जाता, कधी जाता, एवढं पुष्कळदा कळतं. आणि तुमच्या कनेक्शनवरून कुणी काही भलतंसलतं केलं, तर चौकशीचा पहिला धागा तुमच्याच दारात येऊन थांबतो.

ही झाली ज्याला पासवर्ड दिला त्याची गोष्ट. ज्याला दिलाच नाही, तो काय करतो?

[दृश्य: गडद पडदा. फोन आणि राउटर यांच्यात ये-जा करणारे चार ठिपके.]

वायफाय ज्या नियमांवर चालतं, त्यांचं पहिलं मानक १९९७ साली आलं. त्यातलं कुलूप म्हणजे वेप (WEP). फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की नुसती ये-जा ऐकत बसलं तरी ते उघडतं. तिथे पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नव्हता. मग २००३ मध्ये तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये अजून कुठे वेप दिसलं, तर पासवर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका, राउटरच बदला.

डब्ल्यूपीए२ची करामत अशी, की पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. फोन आणि राउटर दोघंही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेतात, ४,०९६ वेळा घुसळतात आणि एक लांबलचक चावी काढतात. मग चार निरोपांची अदलाबदल होते आणि दोघांची खात्री पटते, की समोरच्याकडेही तीच चावी आहे. चावी न दाखवता.

सुंदर आहे हे. पण ते चार निरोप रस्त्यावर उभ्या गाडीत बसलेल्यालाही ऐकू येतात. तो ते टिपून घेतो, घरी जातो आणि निवांत अंदाज लावत बसतो: हा पासवर्ड असेल का? मग हा? प्रत्येक अंदाज घुसळून बघायचा, टिपलेल्या निरोपांशी जुळतो का ते पडताळायचं. 'पासवर्ड चुकला, नंतर प्रयत्न करा' असं सांगणारं तिथे कुणी नसतं. राउटरला पत्ताही लागत नाही.

आता त्या तंत्रज्ञाने टाकलेल्या मोबाइल नंबराकडे वळू. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाख अंदाज तपासू शकतं. आठ आकडी पासवर्ड म्हणजे १० कोटी शक्यता, म्हणजे १०० सेकंद. दहा आकडी नंबर घ्या, अगदी शून्यापासून सुरुवात केली तरी तीन तासांच्या आत सगळे तपासून होतात. जन्मतारीख? शंभर वर्षांत तारखा असतात साडेछत्तीस हजार. एक सेकंदही लागत नाही.

घुसळताना नेटवर्कचं नावही त्यात पडतं, म्हणून तेही कारखान्यातलंच ठेवू नये. सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी तयार कोष्टकं असतात. नाव लपवून ठेवण्याचा मात्र फायदा नाही. मग तुमचाच फोन जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ने हे घरी नेऊन अंदाज लावणं बंद केलं. तिथे प्रत्येक अंदाज राउटरला विचारूनच तपासावा लागतो. राउटरमध्ये हा पर्याय असेल तर जरूर घ्या. जुनी उपकरणं अडली, तर दोन्ही मिळून चालणारा मिश्र पर्याय असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पासवर्ड बदलणं हा सगळ्यावरचा उपाय नाही. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहोफ या संशोधकाने त्या चार निरोपांतच एक फट दाखवली. तिथे पासवर्ड बदलून काहीच साधत नव्हतं, फोन आणि राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करणं हाच इलाज होता. तसंच पासवर्ड न टाकता यंत्र जोडून देणाऱ्या डब्ल्यूपीएस (WPS) नावाच्या बटणाचं. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे १० कोटी शक्यतांच्या जागी ११ हजारच उरतात. २०११ मध्ये हे उघड झालं. सेटिंगमध्ये गेलातच आहात, तर तो बंद करून या.

[दृश्य: पुन्हा स्टिकर. कॅमेरा शेवटच्या ओळीवर सरकतो.]

आता ती तळाची ओळ. तो पासवर्ड वायफायचा नाही, खुद्द राउटरच्या कारभाराचा, म्हणजे त्याच्या सेटिंगचा आहे. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन, अशी जोडी वर्षानुवर्षं चालत आली. वायफायचा पासवर्ड मोठ्या हौसेने बदलायचा आणि हा तसाच ठेवायचा, म्हणजे नवं कुलूप लावून किल्लीवाल्याला घरातच बसवण्यासारखं. आत आलेला कुणीही हा कारभार हातात घेऊन तुमचा नवा पासवर्ड वाचू शकतो.

यातून काय होतं ते जगाने २०१६ मध्ये बघितलं. मिराई नावाचा एक विषाणू इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर शोधत फिरला. त्याच्याकडे अस्त्र होतं ते कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांचं. बस्स. तेवढ्यावर लाखो उपकरणं त्याच्या हाती लागली आणि २१ ऑक्टोबरला त्यातल्या पुष्कळांनी एकदम डाइन (Dyn) या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर गर्दी केली. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना तासन्‌तास उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना यातलं काही कळलंही नसेल. कॅमेरा तर नीट चालू होता. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, असा सगळ्यांना एकच ठोकळेबाज पासवर्ड देऊन घरगुती उपकरणं विकायला कायद्याने मनाई आहे.

[दृश्य: टेबलावर पाच फासे पडतात.]

तर बदलायचं. पण ठेवायचा काय? मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, तारका, डॉलर असं कडबोळं करू नका. सुरक्षित असतं ते, पण टीव्हीच्या रिमोटवर ते टाकताना जो मनस्ताप होतो, त्यातूनच पुढे पुन्हा मोबाइल नंबर येतो. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे, तेव्हा लांबी वापरा. अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली रीत मला आवडते. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, पाच वेळा फासा टाकायचा आणि आलेल्या पाच आकड्यांसमोर यादीत असेल तो शब्द उचलायचा. असे चार शब्द झाले, की मघाच्या ग्राफिक्स कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला जवळपास ११६ वर्षं लागतात. पाच शब्द झाले तर ९ लाख वर्षं. कासव, पायरी, गंधक, शिडी, असं काहीतरी येतं, आणि गंमत म्हणजे लक्षातही राहतं. अट एकच. शब्द फाशानेच निवडायचे. डोक्यातून काढले की डोकं मुलांच्या नावांकडे वळतं.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नाहीतर राउटरचं अ‍ॅप उघडा. आधी कारभाराचा पासवर्ड बदला, मग वायफायचा. 'सेव्ह' दाबलं की पान तिथेच गोठतं, गोल चक्र फिरत राहतं. बरेच जण इथे घाबरून राउटरच बंद करतात. काही बिघडलेलं नसतं. तुमच्याच फोनला राउटरने बाहेर काढलेलं असतं, कारण त्याच्याकडेही जुनीच चावी आहे. फोनमध्ये नेटवर्क 'विसरा' म्हणायचं आणि नव्याने जोडायचं.

खरं काम इथून पुढचं. माझा प्रिंटर. बोटभर पडदा, कीबोर्ड नाही, चार बाण. वरचा बाण दाबत दाबत 'के'पर्यंत जायचं, उजवा बाण, पुन्हा 'ए'पासून सुरुवात. एकविसाव्या अक्षरावर बोट जरा जास्त वेळ राहिलं, पुढचं अक्षर गेलं, आणि मागे यायचं बटण दाबल्यावर सगळंच पुसलं गेलं. पाऊण तास. लोक पासवर्ड का बदलत नाहीत, याचं खरं उत्तर मला त्या चार बाणांत मिळालं.

या कंटाळ्यातून लोक एक युक्ती काढतात. नवा राउटर आणला की त्याला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड देतात. सगळी यंत्रं आपसूक जोडली जातात, दुपार वाचते. आणि कागदावरची ती १९ माणसंही नव्या राउटरला आपसूक जोडली जातात.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा. ते घरातल्या बाकीच्या यंत्रांना बघू शकत नाही, आणि त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलला तरी प्रिंटरला हात लावावा लागत नाही. स्मार्ट बल्ब, प्लग वगैरे मंडळीही मी तिथेच टाकली.

बदलण्याआधी मी राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी लिहून ठेवली होती. १४ होती. नावावरून ओळख पटतेच असं नाही; अलीकडचे फोन राउटरला मुद्दाम खोटा ओळख-पत्ता सांगतात, म्हणून एकेक बंद करून बघावं लागतं. संध्याकाळपर्यंत फोन परतले, टीव्ही परतला, शेवटी तो प्रिंटरही परतला. १२ झाली. घरातलं प्रत्येक यंत्र चालू होतं.

[दृश्य: राउटर पुन्हा कपाटावर, पण जुन्या चौकोनापासून जरा बाजूला. दिवे लुकलुकतायत.]

उरलेल्या दोघांची आजवर तक्रार आलेली नाही.