हा रकाना कुणी मागितला?

(पडद्यावर एक छोटं टेबल. चार ओळी, दोन कॉलम.)

माणसाचं लिंग संगणकात कसं नोंदवायचं, याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ ५२१८. त्यात चारच आकडे आहेत. ० म्हणजे माहीत नाही, १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री आणि ९ म्हणजे लागू नाही. सोबत एक खुलासा जोडलेला आहे. पुरुषाला १ आणि स्त्रीला २ दिला म्हणून कुणाला वरचं किंवा खालचं मानलेलं नाही, ज्या देशांनी हे मानक सुरू केलं त्यांच्याकडे तशी पद्धत आधीपासून होती, इतकंच.

मला हा खुलासा प्रामाणिक वाटतो. आकडे निवडतानाही कुणाला तरी तो लिहावासा वाटला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक प्रघात होता, तो उचलला गेला आणि त्याचं मानक झालं. मग ठिकठिकाणच्या इंजिनिअरांनी ते कोडमध्ये उतरवलं. जी माणसं या १ आणि २ मध्ये बसत नव्हती, त्यांच्या वाट्याला ‘माहीत नाही’ किंवा ‘लागू नाही’ आलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डेटाबेसची रचना करणं हे माझं रोजचं काम. विचारांनी मी पुरोगामी आहे आणि ते विचार कामावर येताना दाराबाहेर ठेवत नाही. ‘कोडमध्ये राजकारण आणू नका’ हे वाक्य आमच्या क्षेत्रात सतत ऐकू येतं. पण कुठला रकाना सक्तीचा, कुठला रिकामा सोडला तरी चालतो, यादीत कुठले पर्याय आहेत आणि आधीपासून कुठला निवडून ठेवला आहे, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा रिलीजच्या घाईत, दोघातिघांच्या मीटिंगमध्ये. एकदा ठरलं की लाखो माणसांना त्यातूनच जावं लागतं. याला राजकारण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

(दृश्य: अॅमस्टरडॅम, प्लांटाज केर्कलान रस्ता. एका जुन्या इमारतीचं प्रवेशद्वार.)

१९३६ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने लोकसंख्येच्या नोंदणीची देशभर एकसारखी पद्धत ठरवली. प्रत्येक रहिवाशामागे एक कार्ड. नाव, जन्मतारीख, पत्ता, धर्म. कारभार सुरळीत चालावा यासाठी केलेली ही व्यवस्था होती, कुणाला छळण्यासाठी नव्हे. तिची सूत्रं याकोबस लेंट्स नावाच्या अधिकाऱ्याकडे होती. लेंट्स आपल्या कामात अतिशय निष्णात होता. फोटो, बोटाचा ठसा आणि बनावट करायला अवघड असा कागद, असं ओळखपत्र त्याने तयार केलं आणि १९४० च्या सुरुवातीला सरकारपुढे ठेवलं. सरकारने ते नाकारलं. साध्या नागरिकाला गुन्हेगारासारखं वागवणं आपल्या परंपरेत बसत नाही, असं त्या सरकारचं म्हणणं होतं.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा शिरल्या. नव्या सत्तेला तेच ओळखपत्र पसंत पडलं. पुढे ज्यूंच्या ओळखपत्रांवर ‘जे’ हे अक्षर छापलं गेलं. कोण ज्यू आणि कुठे राहतो, हे शोधायला फार खटपट करावी लागली नाही, कारण कार्डावर धर्माचा रकाना आधीच भरलेला होता. देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. या संहाराची कारणं अनेक आहेत, पण ती कार्डं त्यातलं एक कारण होती, यात शंका नाही.

२७ मार्च १९४३ च्या रात्री काही माणसं पोलिसांच्या गणवेशात या इमारतीत शिरली. अॅमस्टरडॅमच्या रहिवाशांची कार्डं इथे ठेवलेली होती. चित्रकार आणि लेखक विलेम अरोंडेयस त्यांचा एक म्होरक्या होता. गणवेश शिवले होते शूर्ड बाकर या शिंप्याने. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन बाहेर नेलं. कार्डांचे खण उपसून जमिनीवर ढीग केले, त्यावर ज्वलनशील द्रव ओतला आणि स्फोटकं लावली. आग विझवायला आलेल्या अग्निशामक दलातल्या जवानांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं, म्हणजे जे जळलं नाही ते निदान भिजून जावं. तरीही नष्ट झाली ती सुमारे १५ टक्के कार्डं.

थोड्याच दिवसांत बहुतेक जण पकडले गेले. १ जुलै १९४३ रोजी १२ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत अरोंडेयस होता, बाकरही होता. दोघेही समलिंगी होते. समलिंगी माणसं भित्री नसतात हे लोकांना कळू द्या, असा निरोप अरोंडेयसने मरण्यापूर्वी बाहेर पाठवला.

आज आम्ही ‘डिलीट’ म्हणतो ते काम करायला त्या रात्री माणसं गेली होती. ते करताना त्यांना जीव गमवावा लागला.

लेंट्सला युद्धानंतर तीन वर्षांची शिक्षा झाली. मला या माणसाबद्दल पुन्हा पुन्हा विचार करावासा वाटतो, कारण त्याचे गुण माझ्या व्यवसायात गुणच मानले जातात. नोंद अचूक हवी, एकही रकाना रिकामा नको, एकाच माणसाची नोंद दोनदा नको, आणि शोधलं की क्षणात सापडलं पाहिजे. नोकरीच्या मुलाखतीत आम्ही नेमकं हेच तपासतो. ही माहिती उद्या कुणाच्या हाती पडेल, हा प्रश्न मात्र त्या मुलाखतीत विचारला जात नाही.

(दृश्य: कचेरीतला सर्व्हर. पडद्यावर एकाखाली एक सरकणाऱ्या नोंदी.)

युद्धाला ७०-८० वर्षं उलटली. देश तोच, आता लोकशाही भक्कम, कायदे कडक. तिथल्या कर खात्याने मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या अनुदानात गैरप्रकार शोधताना अर्जदाराचं नागरिकत्व पाहिलं. डच नागरिक नसणं हा जोखीम मोजणाऱ्या संगणकीय मॉडेलमधला एक निकष होता. हजारो पालकांवर खोटे ठपके आले, घेतलेलं अनुदान परत करण्याच्या नोटिसा आल्या, संसार कर्जात बुडाले. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

यात एक तपशील आहे जो बातम्यांत मागे पडला. डच नागरिकांचं दुसरं नागरिकत्व नोंदवून ठेवण्याचं कारण जानेवारी २०१४ मध्येच संपलं होतं. ती माहिती तेव्हाच पुसायला हवी होती. मे २०१८ मध्येही सुमारे १४ लाख लोकांची ती नोंद कर खात्याच्या सिस्टिममध्ये होती. गोपनीयतेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने या सगळ्याबद्दल खात्याला २७.५ लाख युरोंचा दंड केला. जुना रकाना काढायला सहसा कुणी धजत नाही. काढला तर काय मोडेल, ही भीती असते. ठेवला तर काय मोडेल, हा विचार मागे पडतो.

मग सरळ मार्ग असा दिसतो की ओळख विचारूच नये. धर्म नको, वंश नको, लिंग नको. माझे कित्येक पुरोगामी सहकारी असंच म्हणतात. मला हे पटत नाही.

२०१८ मध्ये जॉय बुओलमविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधकांनी चेहऱ्यावरून लिंग सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. त्यासाठी आफ्रिकेतल्या तीन आणि उत्तर युरोपातल्या तीन देशांच्या खासदारांचे १,२७० फोटो जमवले. सगळ्यांचा मिळून निकाल पाहिला तर सॉफ्टवेअर चांगलं दिसत होतं. पण त्यांनी फोटो त्वचेचा रंग आणि लिंग यांनुसार वेगळे केले, आणि चित्र पालटलं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे एका सॉफ्टवेअरने तीनातल्या एकीपेक्षा जास्त जणींचं लिंग चुकीचं सांगितलं. रंगाची आणि लिंगाची नोंदच केली नसती तर हा अन्याय दिसलाही नसता. त्या अभ्यासातही लिंगाचे दोनच कप्पे होते. ही मर्यादा त्या दोघींनी स्वतःच नोंदवली आहे.

रकाना काढला म्हणून भेदभाव निघून जातो, असंही नाही. अॅमेझॉनने नोकरीचे अर्ज पारखण्यासाठी केलेल्या एका प्रयोगाची बातमी २०१८ मध्ये आली. जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवर शिकलेलं ते मॉडेल ‘महिला’ हा शब्द दिसला की गुण कमी करत होतं. महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार, एवढं लिहिणंही महागात पडत होतं. शेवटी तो प्रयोग गुंडाळावा लागला.

म्हणून माझं मत असं की ओळख विचारावी, पण ज्या व्यक्तीला विचारता तिच्या कामासाठी. इंग्लंडचं उदाहरण पाहा. ज्या ट्रान्स पुरुषाची (म्हणजे जन्मावेळी मुलगी ठरवल्या गेलेल्या पुरुषाची) नोंद ‘पुरुष’ म्हणून आहे, त्याला गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बोलावणं आपोआप जात नाही, असं तिथली आरोग्यसेवाच सांगत आली आहे. डॉक्टरला खरं तर हवं आहे ते शरीरात तो अवयव आहे की नाही, एवढंच. विचारलं जातं लिंग, आणि त्यावरून बाकीचं गृहीत धरलं जातं. नेमका प्रश्न विचारला असता तर माणसाचा मानही राहिला असता आणि तपासणीही झाली असती.

(दृश्य: लिन कॉनवे यांचं छायाचित्र. नंतर एका चिपचा सूक्ष्म नकाशा.)

संगणकतज्ज्ञ लिन कॉनवे १९६४ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीत लागल्या. प्रोसेसरने एकाच वेळी अनेक सूचना, क्रम बदलूनही, कशा पार पाडायच्या, यावर त्यांनी तिथे मूलभूत काम केलं. आपण स्त्री म्हणून जगणार आहोत हे कळवल्यावर १९६८ मध्ये कंपनीने त्यांना काढून टाकलं. त्यांनी नव्या नावाने, मागचं एकही काम न सांगता, कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून पुन्हा सुरुवात केली. पुढे झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत कार्व्हर मीड यांच्यासोबत त्यांनी चिप डिझाइनची पद्धतच बदलून टाकली. स्वतःचं आधीचं संशोधन त्या सुमारे तीन दशकं उघडपणे स्वतःचं म्हणू शकल्या नाहीत. आयबीएमने माफी मागितली ती २०२० मध्ये. २०२४ मध्ये त्या गेल्या.

आज असं होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी गिटकडे पाहावं. जगातल्या बहुतेक सॉफ्टवेअरमधल्या बदलांची नोंद या साधनात ठेवली जाते. प्रत्येक बदलासोबत करणाऱ्याचं नाव आणि ईमेल कायमचं कोरलं जातं. ते बदलायचं तर त्या नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख क्रमांक, बदलतो आणि तिच्यावर उभ्या असलेल्या पुढच्या सगळ्या नोंदींचेही हॅश बदलतात. ‘मेलमॅप’ नावाची एक फाइल आहे. ती जुन्या नावाच्या जागी नवं दाखवते, पण मुळात जुनं नाव तिथेच राहतं, शोधणाऱ्याला सापडतं. इतिहास बदलता येऊ नये, हा गिटचा मोठा गुण आहे आणि तो मला हवाच आहे. पण नाव हे माणसाचं असतं आणि ते बदलू शकतं, हे रचनेच्या पहिल्या दिवशी धरून चाललं असतं तर नोंदीत नावाऐवजी एक निरर्थक क्रमांक ठेवता आला असता.

सध्या हाच प्रश्न वयाच्या निमित्ताने सगळ्यांच्या दारात आला आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये काही साइटवर वयाची पडताळणी सक्तीची झाली आहे. मुलांचं रक्षण व्हावं, हे मलाही वाटतं. पण त्यासाठी प्रत्येकाने ओळखपत्राचा फोटो कुठल्यातरी कंपनीकडे द्यायचा असेल, तर त्या फोटोंचा साठा तयार होणार आणि आज ना उद्या तो कुणाच्या तरी हाती लागणार. घरच्यांपासून लपून आधार शोधणारी समलिंगी मुलगी किंवा सत्तेविरुद्ध लिहिणारा पत्रकार, यांचा जीव निनावी असण्यावर टिकून असतो.

आणि याची गरज नाही. स्वतःची माहिती न उघडता एखादी गोष्ट खरी असल्याचं सिद्ध करण्याचं गणित १९८५ पासून आपल्याकडे आहे. त्याला झिरो-नॉलेज प्रूफ म्हणतात. साइटला फक्त ‘१६ पूर्ण, होय’ एवढं उत्तर पोचतं. नाव नाही, जन्मतारीख नाही, फोटो नाही. ते बांधायला जास्त वेळ आणि जास्त पैसा लागतो. ओळखपत्र अपलोड करण्याचं बटण दोन दिवसांत लावता येतं, म्हणून तेच लावलं जातं. माझ्यासमोर वयाच्या पडताळणीचं काम आलं तर मी आधी हे गणित मांडणार आणि त्यासाठी वेळ मागणार. मिळाला नाही, तर जन्मतारखेचा रकाना घालायला माझा नकार लेखी देणार.