रेषा आखणारा संघ

बेळगावच्या टिळकवाडी भागातील एका महाविद्यालयाचे हे बास्केटबॉलचे मैदान आहे. खानापूरच्या बाजूने येणारा सह्याद्रीचा पाऊस येथे चार महिने मुक्काम ठोकतो आणि उघड्या सिमेंटवर शेवाळाचा जाड थर धरतो, त्यामुळे पुरुष संघाचा हंगाम तारेच्या ब्रशने सुरू होतो. ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर भिजवलेले शेवाळ खेळाडू सकाळी घासून काढतात. धुण्यासाठीचे पाणी आवारातल्या विहिरीतून ओढले जाते.

आता दिसते आहे ते रेषांचे काम. या चित्रफितीत त्याला सर्वांत जास्त वेळ दिला आहे, कारण ते इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडला जातो. तो जेथे टेकतो तेथे एक खेळाडू दोरीचे टोक अंगठ्याखाली दाबून बसतो आणि दुसरा ६.७५ मीटरवरच्या गाठीला खडू बांधून तीन गुणांच्या रेषेचा, म्हणजे जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात त्या रेषेचा, कंस फिरवतो. कोपऱ्यांकडे मात्र ही रेषा बाजूच्या सीमेपासून ९० सेंटिमीटर आत सरळ धावते, आणि कंस व सरळ रेषा जेथे मिळतात ती जागा साधेपर्यंत खडू दोन-तीनदा पुसावा लागतो. आतल्या बाजूला पुसटशी दिसणारी दुसरी रेषा ६.२५ मीटरची आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये तीन गुणांची रेषा मागे नेली आणि रिंगखालच्या समलंब चौकोनाचा आयत केला. या मैदानावर त्या जुन्या आखणीच्या खुणा अजून टिकून आहेत. जुन्या रेषेवर हात बसलेला खेळाडू बाहेरच्या मैदानावर गेला की त्याचा चेंडू रिंगच्या अलीकडेच पडतो, म्हणून शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे मुलांचे पीडी सर, नवी रेषा सुकण्यापूर्वी स्वतः टेप धरून मोजतात. पूर्वेकडची रिंग वर्षभर लोंबकळणाऱ्यांमुळे पुढे झुकली होती; गवंड्याकडून आणलेली पाणसळ लावून ती पुन्हा ३.०५ मीटरवर समतल केली गेली.

सराव पहाटे साडेपाचला सुरू होतो. येळ्ळूर आणि वडगावची मुले सायकलवरून पोहोचतात, खानापूरकडची पहिल्या बसने येतात. धावणे, बचावातली बाजूची सरक, ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू), रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू पकडणे) असा क्रम असतो आणि फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारी बिनअडथळ्याची फेक, शेवटी ठेवलेला असतो. सामन्यात तो दमलेल्या हाताने, ४.६ मीटरवरून आणि पाच सेकंदांच्या आत करावा लागतो, तेव्हा ताज्या दमाने केलेला सराव फारसा उपयोगी पडत नाही. रिंगजवळ खेळणाऱ्या या उंच खेळाडूचे गुडघे नीट पाहावेत: चेंडू दोनदा आपटून तो ते वाकवतो, आणि फेकीचा जोर मनगटाआधी तेथून उचलतो. मराठी आणि कन्नड हाका एकाच बचावफळीत एकमेकींत मिसळून ऐकू येतात.

हा सामना कोल्हापूरहून आलेल्या महाविद्यालयीन संघाबरोबरचा आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये कर्नाटकातील विद्यापीठे दक्षिण विभागात खेळतात, तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात, त्यामुळे कर्नाटकातल्या निपाणीचा आणि महाराष्ट्रातल्या कागलचा खेळाडू शेजारी असूनही आपापल्या विद्यापीठाकडून विभागीय फेरीत समोरासमोर येत नाहीत. अशा मैत्रीपूर्ण लढती म्हणूनच मोलाच्या आहेत आणि त्या दरवर्षी व्हायला हव्यात. पाहुण्यांनी दुसऱ्या सत्रात टाकलेला पूर्ण मैदानाचा दबाव, म्हणजे चेंडू यजमानांच्याच अर्ध्यात असताना केलेली अडवणूक, यजमानांना नवीन होता. नियमाप्रमाणे आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपार नेताना झालेली त्यांची तारांबळ येथे स्पष्ट दिसते, आणि चौथ्या सत्रात आखूड पासांनी त्यांनी काढलेली वाटही दिसते.

राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हा संघ उपांत्य फेरीत हरला. दोघांची विद्यापीठ संघात निवड झाली. अंतिम वर्षाचे चौघे पुढील हंगामात नसतील.

जून ते सप्टेंबर या काळात संघाला सरावाची जागा उरत नाही. मैदानावर पत्र्याचे छप्पर घालावे, असा लेखी अर्ज खेळाडूंनी महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाकडे दिला आहे. चार खांबांच्या जागा त्यांनी स्वतः मोजून, मैदानाच्या सीमेबाहेर दोन मीटर मोकळे सोडून, अर्जासोबतच्या नकाशावर दाखवल्या आहेत.