बर्फातून आरपार जाणाऱ्या लहरी

नमस्कार! हे बघा, या दोन वाट्या. एकीत पाणी, दुसरीत तेवढ्याच वजनाचा, फ्रीजरमधून आत्ताच खरवडलेला भुसभुशीत बर्फ. दोन्ही एकामागून एक अर्धा मिनिट मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या. पाणी चांगलं कोमट झालं. बर्फ मात्र वरून जरासा ओलसर, आत चमचा घातला तर तसाच पांढरा.

बर्फ वितळायला जास्तीची उष्णता लागते हे खरंच. पण मोठं कारण वेगळं आहे. ओव्हनमधलं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावतं. पाण्याचे रेणू मोकळे, ते त्याच्यामागे वळू पाहतात आणि ऊर्जा पाण्यात मुरते. बर्फात तेच रेणू जागच्या जागी जखडलेले, त्यामुळे लहर जवळजवळ तशीच पार होते. फ्रीजरमधली आमटी गरम करताना कड उकळते आणि मधला गोळा दगडासारखा राहतो ना, तो याचमुळे. जिथे पाणी सुटलं, तिथेच ऊर्जा ओढली जाते.

आता हिमालयात चला. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारची लहर कोरड्या हिमात कित्येक मीटर उतरते आणि खालच्या जमिनीवरून परत येते. ऊन लागून हिमकणांभोवती पाण्याचा पातळ थर धरला, की तीच लहर वरच्या काही सेंटिमीटरमध्ये जिरते. चित्रात तो उतार काळा पडतो. मला हा काळा डाग फार मोलाचा वाटतो, कारण सतलज आणि चिनाबकडे पाणी निघायची तयारी झाली, ही खबर ढगांच्या आडूनही मिळते!

हिमाची जाडी मोजायची रीत निराळी. जमीन स्वतःच मंद मायक्रोवेव्ह सोडत असते. त्यातली ८ मिलिमीटरची लहर हिमकणांवर आपटून बरीच विखुरते, १६ मिलिमीटरची त्यामानाने कमी. वर पोचलेल्या दोन्हींतला फरक जितका मोठा, तितका हिमाचा थर जाड. सायबेरियासारख्या सपाट मुलुखात हे छान जमतं. फक्त जुन्या हिमातले कण मोठे झालेले असतात, ते जास्त विखुरतात आणि थर आहे त्याहून जाड भासतो.

आणि ओलं हिम? तिथे हा हिशेबच चुकतो. २०१२ साली सोडलेल्या जपानच्या जीकॉम-डब्ल्यू उपग्रहावरचं उपकरण दुपारी दीडला आणि रात्री दीडला, अशा दोन्ही वेळी एकाच भागावरून जातं. हिमासाठी रात्रीची नोंद धरतात. तोवर दिवसा सुटलेलं पाणी पुन्हा गोठलेलं असतं.