पहाटेची धून

[चित्र: लाकडी रेडिओ, उजळलेली तबकडी. धून पूर्ण वाजू द्यावी.]

तंबोरा लागतो आणि त्यावर व्हायोलिन चढतं. तबला नाही, ढोलकी नाही. घरात तेव्हा कुणी स्टोव्हला पंप मारत असायचं, कुणी बंब पेटवायला उठलेलं असायचं. रेडिओची खरखर थांबली की ही धून, आणि मग 'आकाशवाणी'. ती कुणी केली, हे कधी कुणाच्या मनातही आलं नाही. सूर शिवरंजनी रागाचे, म्हणजे असेल कुणी आपल्यातलाच गवई!

ती केली वाल्टर काउफमन यांनी. जन्म 1907, गाव कार्ल्सबाड, आजच्या चेक प्रजासत्ताकात. धर्मानं ज्यू.

[चित्र: जुना नकाशा. कार्ल्सबाड, बर्लिन, प्राग.]

बर्लिनला संगीताचं शिक्षण झालं, मग प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतकार माहलरच्या सिंफनींवर प्रबंध. तो लिहून पुरा झाला, पण पदवी त्यांनी घेतली नाही. मार्गदर्शक नाझी निघाले. त्यांच्या हातून मिळणारी पदवी काउफमनना नको होती. 1933 च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत काउफमन मुंबईच्या धक्क्यावर उतरले. हिंदुस्थानच का, यावर त्यांचं उत्तर अगदी सरळ होतं: इथला व्हिसा सहज मिळत होता.

आपलं संगीत त्यांनी पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकलं, तेव्हा काही म्हणजे काही कळलं नाही. पण ज्या गाण्यावर इतकी माणसं जीव टाकतात, ते पोकळ कसं असेल? कमी आपल्याच कानात आहे, असं धरून ते पुन्हा ऐकायला बसले. विलायतेहून आलेल्या किती जणांनी तेव्हा असं म्हटलं असेल, देव जाणे.

[चित्र: कृष्णधवल छायाचित्र.]

पियानोवर काउफमन. चेलोवर एजिदियो वेर्गा. आणि व्हायोलिन घेतलेले मेहली मेहता, वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील. ही काउफमननी उभी केलेली बाँबे चेंबर म्युझिक सोसायटी. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. राहायला महालक्ष्मीजवळचं रेवा हाऊस. 1936 साली सरकारी रेडिओचं नाव 'ऑल इंडिया रेडिओ' झालं आणि 1937 पासून काउफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले.

[चित्र: आजची वादक, धून वाजवताना. फक्त बोटं.]

बोट कोमल गंधारावर आलं की थोडं थांबतं, पाहा. शिवरंजनीची सगळी हुरहुर त्या एका सुरात आहे. वाद्य युरोपातलं, खाली षड्ज धरून बसलेला आपला तंबोरा. काउफमननी दोन्ही शेजारी ठेवली, आणि कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही.

त्यांची पहिली पत्नी गर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची सख्खी भाची. तिची आई एली हिला नाझींनी पोलंडमधल्या लोद्झच्या घेट्टोत, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, नेलं. ती परतली नाही.

1946 साली काउफमननी मुंबई सोडली. आधी इंग्लंड, मग कॅनडा; विनिपेगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं संचालन, आणि 1957 पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापन. 1968 साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ आला. 1984 मध्ये ते गेले.

धून अजून लागते. तिच्याआधी किंवा नंतर त्यांचं नाव घेतलेलं आम्ही तरी कधी ऐकलं नाही.

[धून. पडदा काळा.]